अपडेटच्या शेकडो ओळींत महत्त्वाची ओळ नजरेत भरावी म्हणून: टर्मिनलमधल्या रंगांचा नेमका वापर

लिनक्स सिस्टिमचं अपडेट सुरू केलं की टर्मिनलवर ओळींचा लोंढा सुरू होतो. अमुक पॅकेज उतरवलं, अमुक उघडलं, अमुक बसवलं. बहुतेक ओळी वाचायची गरजच नसते. पण त्याच गर्दीत एखादी ओळ सांगत असते की सिक्युरिटीच्या रेपॉझिटरीची (पॅकेजं जिथून येतात त्या साठ्याची) यादी मिळाली नाही, म्हणून जुनीच वापरली. दुसरी एखादी सांगते की तुम्ही रोज वापरता ते पॅकेज आता काढलं जाणार आहे. अक्षरं तीच, रंग तोच, त्यामुळे डोळा पुढे सरकतो आणि बोट ‘वाय’वर पडतं.

अशा ओळींना रंग देणं अवघड नाही. त्यासाठी पुरी दहा मिनिटंही लागत नाहीत. चुकतं ते दुसरीकडे: कशाला रंग द्यायचा आणि कधी द्यायचा, हे आधी ठरवलेलं नसतं.

एक सूचना आधीच. इथे कमांड नागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. जिथे स्पेलिंग चुकू शकतं तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

आधी रंगांचा हिशेब

रंग संदेशाच्या प्रकारावरून ठरवू नका. तो वाचून माणसाने काय करायचं आहे, त्यावरून ठरवा. तीन रंग पुरतात.

लाल म्हणजे थांबा, हे वाचल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. काढली जाणारी पॅकेजं आणि ‘ई:’ने सुरू होणाऱ्या एररच्या ओळी यात येतात. पिवळा म्हणजे अपडेट पुढे जाईल, पण तुमच्याकडे काम उरणार आहे. ‘डब्ल्यू:’ने सुरू होणारे इशारे, रोखून धरलेली पॅकेजं, रीबूट करायला सांगणारा संदेश हे सगळे पिवळे. निळसर, म्हणजे सायन, सिक्युरिटी अपडेटसाठी. ही टाळायची नाहीत, एवढंच त्याने सांगायचं. बाकी सगळ्या ओळी जशा आहेत तशाच राहू द्या.

हिरव्याचा मोह आवरा. ‘सगळं ठीक’ सांगणाऱ्या ओळीच सर्वांत जास्त असतात. त्या हिरव्या केल्या की पडदाभर हिरवळ होते आणि तिच्यातली एकुलती एक पिवळी ओळ पुन्हा हरवते. रंग न देणं हाही निर्णयच आहे, आणि नव्वद टक्के ओळींसाठी तोच बरोबर असतो.

रंग दिला जातो तो कसा

टर्मिनलला रंग कळतो तो अक्षरांच्या एका खुणेतून. आधी एस्केप हे न दिसणारं अक्षर, त्याचा क्रमांक दशमान पद्धतीत २७, ऑक्टलमध्ये ०३३ आणि हेक्समध्ये १बी. त्याला लागून डावा चौकटी कंस, मग अंक, आणि शेवटी लहान लिपीतलं ‘एम’. मध्ये कुठेही मोकळी जागा नाही. अंक ३१ असेल तर पुढची अक्षरं लाल, ३३ असेल तर पिवळी, ३६ असेल तर सायन. १ म्हणजे ठळक, ४ म्हणजे अधोरेखित, ७ म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांची अदलाबदल. ० म्हणजे सगळं पूर्ववत. दोन गुण एकत्र हवे असतील तर मध्ये अर्धविराम टाकायचा: १;३१ म्हणजे ठळक लाल. ३० ते ३७ हे अक्षरांचे आठ मूळ रंग, ४० ते ४७ पार्श्वभूमीचे, ९० ते ९७ अक्षरांच्या उजळ छटा.

ही पद्धत १९७०च्या दशकातली आहे. ईसीएमए-४८ या मानकाची पहिली आवृत्ती १९७६ची. आजचं जवळजवळ प्रत्येक टर्मिनल ती समजतं. ३८;५; नंतर ० ते २५५पैकी एक अंक दिला तर २५६ रंगही मिळतात. पण अपडेटच्या संदेशांसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये. मूळ आठ रंगांच्या छटा वाचणाऱ्याच्या थीमप्रमाणे बदलतात, त्यामुळे त्याच्या पडद्यावर त्या सहसा वाचता येतात. २५६मधले पहिले सोळा सोडले तर बाकीचे रंग थीमचं सहसा ऐकत नाहीत: तुमच्या काळ्या पडद्यावर सुंदर दिसलेला फिकट पिवळा दुसऱ्याच्या पांढऱ्या पडद्यावर दिसतच नाही. उजळ छटांचाही भरवसा धरू नका. सोलराइज्ड या लोकप्रिय थीममध्ये ९२, ९३, ९४ या जागांवर चक्क करड्या छटा बसवलेल्या आहेत.

स्क्रिप्टमध्ये हे अंक हाताने लिहिण्यापेक्षा ‘टीपुट’ (टी-पी-यू-टी) वापरावं. ‘टीपुट सेटएएफ १’ लाल देतं, ३ पिवळा, ६ सायन. ‘टीपुट बोल्ड’ ठळक करतं आणि ‘टीपुट एसजीआर०’ पूर्ववत करतं. टर्मिनल कोणतं आहे ते पाहून टीपुट योग्य खूण काढतं, आणि ‘टीपुट कलर्स’ विचारलं तर किती रंग चालतात तेही सांगतं. हातानेच लिहायचं असेल तर ‘इको’ नको, ‘प्रिंटएफ’ घ्या. इकोचा ‘-ई’ हा पर्याय बॅश या शेलमध्ये (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालतो. डॅश या दुसऱ्या शेलमध्ये मात्र तोच पर्याय शब्द म्हणून छापला जातो, आणि डेबियन, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ‘एसएच’ म्हणजे डॅश.

स्क्रिप्टची सुरुवात: रंग द्यायचा की नाही

लाल, पिवळा, सायन आणि पूर्ववत असे चार व्हेरिएबल करा आणि चारही रिकामे ठेवा. मग तीन अटी तपासा. पहिली, आउटपुट खरोखर टर्मिनलवर जातंय का: ‘टेस्ट -टी १’ हे सांगतं. दुसरी, ‘नो अंडरस्कोर कलर’ हे मोठ्या लिपीतलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल रिकामं आहे ना. त्यात काहीही भरलेलं असलं तर वापरणाऱ्याला रंग नको आहेत, आणि बरीच साधनं हा संकेत पाळतात. तिसरी, ‘टीपुट कलर्स’चं उत्तर किमान ८ आहे ना. तिन्ही जमलं तरच व्हेरिएबलमध्ये टीपुटचं आउटपुट भरा. नाहीतर ते रिकामेच राहतील आणि तीच स्क्रिप्ट बिनरंगी पण बरोबर चालेल.

हा भाग गाळला तर काय होतं, ते क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) आलेल्या मेलमध्ये दिसतं. तिथे टर्मिनल नसतं, म्हणून प्रत्येक ओळीच्या आगेमागे चौकटी कंस, ३१ आणि एम असा कचरा साचतो. क्रॉनमध्ये ‘टर्म’ हे व्हेरिएबलही बहुधा नीट भरलेलं नसतं आणि टीपुट तक्रार करतं. म्हणून टीपुटचा एरर ‘डेव्ह नल’कडे वळवा, म्हणजे तो टाकून दिला जाईल.

रंग कधी द्यायचा: आधी आणि नंतर, मध्ये नाही

सर्वांत जास्त चुका इथे होतात. अपडेटची खरी कमांड घ्यायची, पाइप लावून तिचं आउटपुट पुढे पाठवायचं आणि तिथे सेड किंवा ऑक हा ओळींना रंग देणारा फिल्टर बसवायचा, हे सहज सुचतं. ते करू नका.

कारण असं. फिल्टर ओळीने काम करतो, म्हणजे ओळ संपल्याशिवाय तो पुढे काही पाठवत नाही. पण ‘पुढे जायचं का, वाय की एन’ हा प्रश्न ओळ न संपवता छापला जातो. तो फिल्टरच्या पोटात अडकतो. तुम्हाला वाटतं मशीन अडकलं, आणि मशीन तुमच्या उत्तराची वाट पाहत असतं. कॉन्फिगरेशनच्या फाइलबद्दल डीपीकेजी (प्रत्यक्ष पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम) विचारतो तो प्रश्नही असाच: तुमची बदललेली फाइल ठेवायची की पॅकेजसोबत आलेली नवी घ्यायची. तो प्रश्न दिसत नसताना वैतागून एंटर, कंट्रोल-सी असं काहीबाही दाबलं जातं, आणि अर्धवट बसलेली पॅकेजं निस्तरत बसावं लागतं.

दुसरं कारण एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना यश-अपयश सांगणारा अंक. पाइप लावला की शेल शेवटच्या कमांडचा कोड देतो. अपडेट फसलं आणि ऑक नीट संपला, तर हाती येतो ०, म्हणजे यश. बॅशमध्ये ‘सेट -ओ पाइपफेल’ लावून हे टाळता येतं, ते कुठल्याही पाइपवाल्या स्क्रिप्टमध्ये लावावंच. पण अडकलेला प्रश्न त्याने सुटत नाही.

म्हणून खऱ्या अपडेटला हात लावायचा नाही. त्याच्या आधी होणाऱ्या तालमीला रंग द्यायचा, आणि नंतर लॉगला.

तालीम रंगवणं

डेबियन आणि उबुंटूवर ‘ॲप्ट-गेट -एस अपग्रेड’ फक्त तालीम करतं. काहीही बदलत नाही, आणि त्याला रूट अधिकारही लागत नाहीत. नंतर जी कमांड देणार आहात, तालीम तिचीच करा. ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ कधीच पॅकेज काढत नाही, त्यामुळे त्याच्या तालमीत लाल ओळ येणारच नाही. तुम्ही ‘डिस्ट-अपग्रेड’ देणार असाल तर तालीमही ‘डिस्ट-अपग्रेड’ची हवी.

स्क्रिप्टमध्ये ‘ॲप्ट’ नको, ‘ॲप्ट-गेट’ घ्या. ॲप्टचं आउटपुट माणसासाठी आहे. ते आवृत्तीगणिक बदलतं, आणि पाइपमध्ये लावलं की ॲप्ट स्वतःच तसा इशारा देतं. कमांडच्या आधी ‘एलसी अंडरस्कोर ऑल’ हे व्हेरिएबल ‘सी’ करून द्या. सिस्टिमची भाषा इंग्रजी नसेल तर काही संदेश भाषांतरित होऊन येतात आणि इंग्रजी शब्द शोधणारे नियम गुपचूप निकामी होतात. एररही फिल्टरकडे यावेत म्हणून शेवटी ‘२>&१’ जोडा.

तालमीतली एक ओळ जवळून पाहू:

इन्स्ट ओपनएसएसएल [३.०.११-१~डेब१२यू१] (३.०.११-१~डेब१२यू२ डेबियन-सिक्युरिटी:१२/स्टेबल-सिक्युरिटी [एएमडी६४])

पहिला शब्द कृती सांगतो: ‘आय-एन-एस-टी’ म्हणजे बसवणार, ‘आर-ई-एम-व्ही’ म्हणजे काढणार, ‘सी-ओ-एन-एफ’ म्हणजे जुळवणी करणार. चौकटी कंसात आता बसलेली आवृत्ती. गोल कंसात नवी आवृत्ती, ती कुठून येतेय ते, आणि प्रोसेसरचा प्रकार. सिक्युरिटी अपडेट ओळखायचं ते या ‘कुठून’वरून. नुसतं ‘-सिक्युरिटी’ शोधू नका, कारण पॅकेजच्या नावातही तो शब्द असू शकतो. तिरकी रेघ, मग मोकळी जागा नसलेली अक्षरं, मग ‘-सिक्युरिटी’ असा नमुना शोधा. उबुंटूवर एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन दोन ठिकाणं येतात, ‘-अपडेट्स’ आणि ‘-सिक्युरिटी’. म्हणून फक्त पहिलं ठिकाण पाहून निर्णय घेऊ नये. डेबियन ११पासून सिक्युरिटीच्या रेपॉझिटरीचं नाव या साच्यात बसतं, त्याआधीचं बसत नाही.

ऑकला रंगांचे व्हेरिएबल ‘-व्ही’ने द्या आणि नियम या क्रमाने लिहा. ओळ ‘आर-ई-एम-व्ही’ने किंवा ‘ई:’ने सुरू होत असेल तर लाल. ‘डब्ल्यू:’ने सुरू होत असेल तर पिवळी. ‘आय-एन-एस-टी’ने सुरू होत असून वरचा नमुना सापडला तर सायन. ‘सी-ओ-एन-एफ’च्या ओळी छापूच नका, त्या आधीच्या ओळींचीच पुनरावृत्ती करतात. उरलेल्या ओळी जशाच्या तशा. प्रत्येक नियमाच्या शेवटी ‘नेक्स्ट’ हवं, नाहीतर तीच ओळ दोनदा छापली जाते.

रोखून धरलेल्या पॅकेजांना थोडी जास्त मेहनत लागते. ‘हॅव बीन केप्ट बॅक’ हे शब्द मथळ्याच्या ओळीत असतात आणि पॅकेजांची नावं पुढच्या ओळींवर, दोन जागा सोडून. मथळा तेवढा पिवळा झाला आणि नावं पांढरी राहिली तर उपयोग शून्य. म्हणून मथळा दिसला की एक खूण-व्हेरिएबल १ करा. तो १ असेपर्यंत दोन मोकळ्या जागांनी सुरू होणारी प्रत्येक ओळ पिवळी करा, आणि तशी नसलेली ओळ आली की तो ० करा. उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत ‘डिफर्ड ड्यू टू फेजिंग’ असा वेगळा मथळा येतो. ती अपडेट टप्प्याटप्प्याने सोडली जातात आणि तुमची पाळी आली की आपोआप येतात. तिथे तुम्हाला करायचं काही नसतं, म्हणून रंगही नको.

रंग सुरू करणारी खूण ओळीच्या आधी, पूर्ववत करणारी खूण ओळीच्या शेवटी. ही शेवटची खूण ‘न्यूलाइन’च्या आत पडली पाहिजे, बाहेर नाही. पार्श्वभूमीचा रंग वापरला असेल आणि खूण पुढच्या ओळीवर गेली, तर पडदा वर सरकताना काही टर्मिनल पूर्ण नवी ओळच त्या रंगाने भरतात.

आणि रंगासोबत शब्दही द्या. पॅकेज काढणाऱ्या लाल ओळीच्या आधी ‘काढणार:’, पिवळीच्या आधी ‘लक्ष द्या:’, सायनच्या आधी ‘सिक्युरिटी:’. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं कमी नाहीत. त्यांच्यासाठी हा शब्द हाच खरा इशारा. शिवाय रंग बंद असतानाही तो तसाच राहतो आणि ग्रेप या शोधणाऱ्या कमांडने शोधता येतो.

यादी ताजी झाली का, हे आधी पाहा

तालमीच्या आधी ‘ॲप्ट-गेट अपडेट’ चालवावं लागतं, आणि सर्वांत फसवी ओळ तिथेच येते. एखादी रेपॉझिटरी मिळाली नाही तरी ही कमांड एक्झिट कोड ० देऊ शकते. फक्त शेवटी ‘डब्ल्यू: सम इंडेक्स फाइल्स फेल्ड टू डाउनलोड’ असा इशारा येतो आणि जुनी यादी वापरली जाते. मग तालीम म्हणते की नवीन काहीच नाही, आणि माणूस निर्धास्त होतो. ‘डब्ल्यू:’ला पिवळा द्या, तसंच ओळीच्या सुरुवातीच्या ‘ई-आर-आर:’लाही. ही कमांड मध्येच काही विचारत नाही, त्यामुळे इथे मात्र चालू आउटपुटला फिल्टर लावायला हरकत नाही.

फक्त ओळी अडखळत येतील. डेबियन-उबुंटूवर ऑक म्हणून बऱ्याचदा ‘मॉक’ (एम-ए-डब्ल्यू-के) बसलेला असतो, आणि तो पाइपमधून येणारा मजकूर साठवून मग एकदम वाचतो. त्याला ‘-डब्ल्यू इंटरॲक्टिव्ह’ हा पर्याय द्या. ‘गॉक’ असेल तर प्रत्येक छपाईनंतर ‘एफफ्लश’ पुरतं. सेडला ‘-यू’, ग्रेपला ‘--लाइन-बफर्ड’.

नुसतं शोधून ठळक करायचं असेल तर ग्रेपही पुरतो. ‘ग्रेप --कलर -ई’मध्ये (मोठ्या लिपीतलं ई) हवे ते शब्द उभ्या रेघेने जोडा आणि शेवटी उभी रेघ देऊन डॉलरचं चिन्ह लिहा. डॉलर प्रत्येक ओळीच्या शेवटाशी जुळतो, म्हणून एकही ओळ गळत नाही आणि रंग फक्त तुमच्या शब्दांना लागतो.

अपडेट झाल्यावर

खरं अपडेट साधंच चालवा. ते संपलं की ‘व्हार/लॉग/ॲप्ट’मधली ‘टर्म.लॉग’ ही फाइल तशाच प्रकारच्या फिल्टरने वाचा. डीपीकेजीने जे जे छापलं ते तिथे नोंदलेलं असतं. रंगीत मजकूर ‘लेस’ या पानापानाने मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहायचा असेल तर ‘-आर’ (मोठ्या लिपीतलं) द्या, नाहीतर खुणाच अक्षरं म्हणून दिसतात. फाइलमध्ये ठेवायचा असेल तर रंग काढूनच ठेवा. जीएनयू सेडमध्ये एस्केप, डावा चौकटी कंस, अंक आणि अर्धविराम कितीही, शेवटी एम, हा नमुना रिकाम्याने बदलला की झालं. मॅकच्या सेडला ‘\एक्स१बी’ कळेलच असं नाही, तिथे एस्केप अक्षर बॅशच्या डॉलर-अवतरणातून द्यावं.

शेवटी ‘व्हार/रन’मध्ये ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल आहे का, तेवढं तपासा. असेल तर पिवळ्या रंगात एक ओळ छापा, आणि शेजारच्या ‘.पीकेजीएस’ फाइलमधली नावंही. कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलला म्हणून रीबूट हवंय की आणखी कशामुळे, ते कळलं की रीबूट आत्ता करायचं की रात्री, हे ठरवता येतं. ही ओळ सगळ्यांत शेवटी यावी. वर सरकून गेलेला रंग कोणी मागे जाऊन बघत नाही.

इतर सिस्टिमवर

आर्चवर ‘ईटीसी’मधल्या ‘पॅकमन.कॉन्फ’ फाइलमध्ये ‘कलर’च्या आधीचा हॅश काढला की पॅकमन स्वतः रंग देतो. तिथे नजर ठेवायची ती ‘.पॅकन्यू’ने संपणाऱ्या ओळींवर. नवी कॉन्फिगरेशन फाइल बाजूला ठेवली आहे, जुनीशी जुळवणं तुमच्याकडे, असा त्यांचा अर्थ. म्हणून पिवळ्या.

फेडोराकडे ‘डीएनएफ चेक-अपडेट’ अपडेट असतील तर १०० हा एक्झिट कोड देतं, नसतील तर ०, एरर असेल तर १. स्क्रिप्टमध्ये ‘सेट -ई’ असेल तर हा १०० अपयश समजला जातो आणि स्क्रिप्ट तिथेच मरते. त्या कमांडचा कोड वेगळा पकडा. रीबूट हवं का, ते ‘डीएनएफ नीड्स-रीस्टार्टिंग -आर’ सांगतं.

ॲप्ट ३.०पासून, म्हणजे २०२५पासून, ॲप्ट स्वतःच काढायची पॅकेजं लाल आणि बाकीचे बदल हिरवे दाखवतं. ते उत्तम आहे. सिक्युरिटी अपडेट मात्र त्यात वेगळी उठून दिसत नाहीत, त्यामुळे वरची तालीम तिथेही कामाची राहते.

टर्मिनल लालच राहिलं तर

स्क्रिप्ट मध्येच कंट्रोल-सीने तोडली की पूर्ववत करणारी खूण छापली जात नाही, आणि तुमचा प्रॉम्प्टही लाल होतो. सुरुवातीलाच ‘ट्रॅप’ लावून ‘एक्झिट’वर ‘टीपुट एसजीआर०’ चालेल असं करा, अर्थात रंग चालू असतानाच. तरीही अडकलं तर ‘रिसेट’ टाइप करून एंटर दाबा. टाइप केलेली अक्षरं दिसत नसली तरी कमांड चालते.